तिसरा पडदा



वसंत व्याख्यानमालेत कोणता विषय शोभतो आणि कोणता शोभत नाही, याचे काही अलिखित संकेत आहेत. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली ही प्रथा सुरू झाली, तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून इतिहास, अर्थकारण, धर्म, समाजसुधारणा असे भारदस्त विषय बोलले गेले आहेत. आमचा आजचा विषय त्या पंगतीत बसायला लाजेल असा आहे. लॅपटॉपला जोडलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पडद्यावर चित्र का येत नाही, एवढाच तो विषय. आणि त्यातही लॅपटॉप दोन ग्राफिक कार्डांचा, वर त्यावर लिनक्स. संयोजकांनी गळ घातली तेव्हा आम्ही संकोचलो. परंतु ते म्हणाले, "अहो, गुलमंडीवर आज दुकानाच्या हिशेबापासून मुलांच्या अभ्यासापर्यंत सगळे या यंत्रावर चालते. ते रुसले की माणसे रात्र रात्र त्याच्यापुढे बसतात आणि कोणाला विचारावे ते कळत नाही." हे मात्र आम्हांला पटले, कारण अशा रात्री आम्ही स्वतः काढल्या आहेत. आम्ही संगणकशास्त्राचे पंडित नव्हे. आमच्या घरी जे घडले ते सांगतो, आणि ते समजण्यापुरते शास्त्र मधून मधून सांगतो.

सुपारी हनुमानाच्या देवळापासून आत वळले की ज्या जुन्या घरांच्या गल्ल्या लागतात, त्यांतल्या एका घरात आमची बहीण राहते. तिची मुलगी, म्हणजे आमची भाची, मुद्रितशोधनाचे काम करते. एका संस्थेने जुनी मराठी पुस्तके छायाचित्रे काढून संगणकात आणण्याचे काम घेतले आहे. पानाचे चित्र यंत्र वाचते आणि त्याची अक्षरे करते. परंतु जुन्या खिळ्यांची छपाई, पिवळा कागद आणि मराठीचे अनुस्वार यांच्यापुढे यंत्राची मति कुंठित होते. 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म' होतो. मग माणूस लागतो. एका पडद्यावर पानाचे चित्र, दुसऱ्यावर यंत्राने वाचलेला मजकूर, आणि शंका आली तर मोल्सवर्थचा कोश पाहायला लॅपटॉपचा स्वतःचा पडदा, असे हे तीन पडद्यांचे काम आहे. एकाच पडद्यावर खिडक्या मागेपुढे करीत ते होत नाही असे नाही. पण वेग निम्म्यावर येतो आणि चुका दुप्पट होतात. पैसे पानामागे मिळतात. पहिला खंड पाडव्यानंतरच्या सोमवारी द्यायचा होता आणि तो वेळेवर गेला तरच पुढचे खंड मिळणार होते. त्या पैशांवर तिच्या बी.एड.ची फी अवलंबून होती.

लॅपटॉप जुना, एका चुलतभावाचा. त्याने तो खेळ खेळण्यासाठी घेतला होता, म्हणून त्यात दोन ग्राफिक कार्डे. भाचीने त्यावर लिनक्स बसविले होते, कारण ते फुकट मिळते, मराठी उत्तम लिहिते आणि जुन्या यंत्रावरही धावते. एक बाहेरचा पडदा ती यूएसबी-सीच्या खाचेतून वापरीत होती आणि तो बिनतक्रार चालत होता. पाडव्याच्या आठ दिवस आधी दुसरा बाहेरचा पडदा आला. तो एचडीएमआयच्या खाचेत जोडला. आणि तो काळाच राहिला.

आता थोडे शास्त्र.

पडद्यावर दिसणारे चित्र हे ठिपक्यांचे बनलेले असते. नेहमीच्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६००. हे सगळे ठिपके सेकंदाला साठ वेळा पडद्याकडे नव्याने पाठवावे लागतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाची नोंद चार बाइटांची धरली, तर दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बाइट वाचून पुढे द्यावे लागतात. आणि हे एका पडद्याचे झाले. हा उद्योग करणारा जो भाग, त्याला आपण ग्राफिक कार्ड म्हणतो. साध्या लॅपटॉपात तो मुख्य प्रोसेसरच्या पोटातच असतो. तो काटकसरी असतो, बॅटरी थोडी खातो. खेळ, चलच्चित्रांचे संपादन, इमारतींचे आराखडे अशा जड कामांना तो पुरत नाही, म्हणून काही लॅपटॉपांत वेगळे, ताकदीचे दुसरे कार्ड बसवितात. ते काम झपाट्याने करते, पण खातेही तसेच. म्हणून एरवी ते निजलेले असते आणि जड काम आले की त्याला उठवितात.

इथपर्यंत ठीक. गोम पुढे आहे. लॅपटॉपाच्या बाजूला ज्या खाचा दिसतात, त्यांतली कोणती खाच कोणत्या कार्डाला जोडलेली आहे, हे कारखान्यातच ठरलेले असते. ते तांब्याच्या रेषांनी पाटीवर कोरलेले असते. बहुतेक अशा यंत्रांत लॅपटॉपचा स्वतःचा पडदा काटकसरी कार्डाकडे असतो. बाहेरच्या खाचा मात्र कधी ह्याच्याकडे, कधी त्याच्याकडे, आणि कधी एक इकडे तर एक तिकडे. कोणतीही आज्ञा टंकून ही जोडणी बदलत नाही. (काही महाग यंत्रांत ती बदलण्याचा खटका असतो, पण त्यालाही मर्यादा आहेत.)

आपल्या शहरातल्या माणसाला हे समजायला कठीण जाऊ नये. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी या शहरात जमिनीखालून नहर आणली आणि पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीसाठी डोंगराकडून खापरी नळांतून पाणी आणले गेले. पाणी एकाच गावचे, पण वाटा वेगळ्या. पाणचक्कीचा हौद कोरडा पडला तर दुसऱ्या नहरीची झाकणे उघडून पाहण्यात काय हशील? आधी आपला हौद कोणत्या वाटेवर आहे ते पाहिले पाहिजे. आम्ही मात्र पाच दिवस दुसऱ्याच नहरीची झाकणे उघडीत बसलो होतो.

पहिल्या दिवशी आम्ही केबल बदलली. हे चुकीचे नव्हते. केबल हे नेहमीच पहिले संशयित. दुसऱ्या दिवशी आणखी एक, जास्त किमतीची केबल आणली. ही मात्र चूक होती, कारण तोच पडदा त्याच केबलीने शेजाऱ्याच्या लॅपटॉपावर चालतो का, एवढे पाहिले असते तर पैसे वाचले असते. ते आम्ही तिसऱ्या दिवशी पाहिले. चालला.

चौथ्या दिवशी एका उत्साही मित्राने एक्सरँडआर नावाची आज्ञा सांगितली. ही आज्ञा एके काळी अशा दुखण्यांवरचा रामबाण उपाय होती. लिनक्सवर चित्र दाखविण्याचे काम पूर्वी एक्स नावाची व्यवस्था करीत असे. तिचा जन्म १९८४ साली अमेरिकेतल्या एमआयटीत झाला. चालू यंत्राला पडदा जोडणे, काढणे, उभा-आडवा करणे ही सोय तिच्यात बऱ्याच उशिरा आली आणि ती चालविण्याची आज्ञा म्हणजे एक्सरँडआर. परंतु आज बहुतेक ठिकाणी एक्सच्या जागी वेलँड नावाची नवी व्यवस्था आली आहे. वेलँडखाली ही जुनी आज्ञा चालते, पडद्यांची यादी देते, पण ती यादी म्हणजे जुन्या प्रोग्रॅमांसाठी उभा केलेला एक देखावा असतो. तिथे दिलेले हुकूम कोणी पाळीत नाही. आपण काही तरी करीत आहोत असे समाधान तेवढे मिळते. आम्हांला ते पुष्कळ मिळाले.

त्याच रात्री आमच्या हातून खरी चूक झाली. कोणी तरी कोठे तरी दिलेला सल्ला वाचून आम्ही यंत्र सुरू होतानाच्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द घातला. त्याचा अर्थ काय, हे पाहिले नाही. त्याचा अर्थ असा, की लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, ग्राफिक कार्डांना स्वतः हात लावू नये. यंत्राने जन्मतः जे एक साधे चित्र दिले असेल त्यावर भागवावे. अडलेले यंत्र निदान सुरू व्हावे म्हणून तात्पुरती घ्यायची ही कुबडी आहे. ती कायमची लावली की दोन्ही कार्डांचे नेहमीचे ड्रायव्हर बाजूला राहतात. यंत्र सुरू झाले तेव्हा तिसरा पडदा तर नव्हताच, पण चालणारा दुसराही गेला. लॅपटॉपाच्या पडद्यावर मोठाली, फुगलेली अक्षरे दिसत होती. भाची काही बोलली नाही. तिने त्या एका पडद्यावर खिडक्या मागेपुढे करीत रात्री दोनपर्यंत काम केले आणि आम्ही पलीकडच्या खोलीत जागे होतो.

येथे थोडे थांबून एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण हे दुखणे आमच्या घरचेच नाही.

दोन कार्डांमध्ये कोणी कामाला उठावे हे यंत्राने आपले आपण ठरवावे, अशी योजना एनव्हिडिया कंपनीने २०१० साली ऑप्टिमस या नावाने बाजारात आणली. विंडोजवर ती चालली. लिनक्सवाल्यांना तिचा मार्ग कंपनीने दाखविला नाही. मग २०११ साली हौशी मंडळींनी बंबलबी नावाची एक तडजोड स्वतः तयार केली. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना ऑप्टिमस आणि बंबलबी ही नावे ओळखीची वाटतील. ती खेळण्यांतल्या आणि चित्रपटांतल्या यंत्रमानवांची आहेत. या बंबलबीच्या प्रतिष्ठापनेच्या आज्ञावलीत एकदा एका नावाच्या मधोमध चुकून एक मोकळी जागा राहिली. त्यामुळे कार्डाचा एक लहानसा फोल्डर पुसायचा, त्याऐवजी यूएसआर नावाचा अख्खा मुख्य फोल्डर पुसला जाई आणि यंत्र निकामी होई. आमच्या भाचीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मामा, मुद्रितशोधकाला दाखवले असते तर सापडली असती."

२०१२ साली कर्नेलमध्येच दोन कार्डांनी एकमेकांना चित्र देण्याची रीतसर सोय होऊ लागली. तिला डेव्हिड एअरली या प्रोग्रॅमरने प्राइम असे नाव दिले. ऑप्टिमसच्या पुढचा शब्द तो. त्याच वर्षी जूनमध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचे भाषण होते. भाषणानंतर श्रोत्यांतल्या एका बाईंनी उठून विचारले, की आमच्या दोन कार्डांच्या लॅपटॉपाला लिनक्सवर कंपनीकडून मदत मिळत नाही, त्याचे काय? टोरवाल्ड्स यांनी त्या कंपनीइतका वाईट अनुभव आपल्याला दुसऱ्या कोणाचा नाही असे सांगून कॅमेऱ्याकडे पाहत असा एक हावभाव केला, की तो या मांडवात करता यायचा नाही. जगभर त्याचीच चर्चा झाली. आम्हांला मात्र त्या बाईंचे कौतुक वाटते. एका व्याख्यानात उठून एका सामान्य माणसाने आपल्या यंत्राची तक्रार मांडली आणि ती दुनियेला ऐकू गेली. पुढे २०१३ पासून कंपनीच्या ड्रायव्हरात हळूहळू सुधारणा होत गेल्या, २०१९ साली जड काम तेवढे दुसऱ्या कार्डाकडे सोपविण्याची सोय आली, आणि २०२२ च्या मे महिन्यात कंपनीने ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये बसणारा भाग उघडा केला. म्हणजे आज परिस्थिती पुष्कळ बरी आहे. आमच्या घरच्या घोटाळ्याचा दोष कंपनीकडे जात नाही. तो कोणाकडे जातो ते आता कळेलच.

पाचव्या दिवशी सकाळी भाची म्हणाली, "मामा, तुम्ही फार केलेत. आता मला एकदा नीट वाचू द्या."

तिने पहिली गोष्ट केली ती ही, की 'नोमोडसेट' काढून टाकले. यंत्र सुरू होताना जी निवडीची यादी येते, तिथे 'ई' हे अक्षर दाबले की ती ओळ दुरुस्त करता येते. ही दुरुस्ती त्या एका वेळेपुरती असते. दुसरा पडदा परत आल्याची खात्री झाल्यावर तिने मूळ फाइलमधूनही तो शब्द काढला. मग एक वही घेतली आणि वर तारीख घातली. त्या वहीत तिने एका वेळी एकच गोष्ट करायची आणि तिचा परिणाम लिहायचा असा नेम ठेवला. आम्ही चार दिवसांत किती गोष्टी केल्या आणि कोणत्या क्रमाने, हे आम्हांला तेव्हाही सांगता येत नव्हते, आजही येणार नाही.

लिनक्समध्ये 'सिस' नावाच्या फोल्डरात 'क्लास', त्यात 'डीआरएम', असे आत गेले की चित्राच्या प्रत्येक दाराचा एक फोल्डर असतो आणि त्यात 'स्टेटस' नावाची एक ओळीची फाइल असते. त्या ओळीत 'कनेक्टेड' किंवा 'डिसकनेक्टेड' एवढेच लिहिलेले असते. कोणतीही व्यवस्था असो, एक्स असो की वेलँड, कर्नेलला स्वतःला काय दिसते ते येथे कळते. आम्ही ही यादी तिसऱ्या दिवशीच पाहिली होती. तिच्यात एचडीएमआय हे नाव होते आणि पुढे डिसकनेक्टेड असे होते. त्यावरून आम्ही असा निष्कर्ष काढला होता, की दार आहे, पण तारेतून पडदा पोचत नाही. सबब केबल किंवा खाच खराब.

भाचीने तीच यादी वहीत उतरवून घेतली. अक्षर न् अक्षर. पहिले नाव, 'कार्ड१-ईडीपी-१', हा लॅपटॉपचा स्वतःचा पडदा, कनेक्टेड. दुसरे, 'कार्ड१-डीपी-१', हा यूएसबी-सीवरचा, कनेक्टेड. तिसरे, 'कार्ड१-एचडीएमआय-ए-१', डिसकनेक्टेड. उतरवून झाल्यावर तिने पेन्सिल त्या तीन ओळींच्या डाव्या कडेवरून वरून खाली नेली आणि म्हणाली, "मामा, तिन्ही ठिकाणी कार्ड१च आहे. मग दुसरे कार्ड कुठे आहे?"

श्रोतेहो, आम्ही ती यादी किती वेळा पाहिली होती! पण आम्ही ओळीचा शेवट वाचीत होतो, आरंभ नव्हे. काटकसरी कार्ड आपल्याकडे जेवढी दारे असू शकतात तेवढ्यांची नावे देते. कारखान्याने त्या दाराला खाच लावली असो वा नसो. आम्ही ज्या एचडीएमआयवर विश्वासलो, ते भिंतीवर रंगविलेले दार होते. खरी खाच दुसऱ्या कार्डाची होती आणि ते कार्ड यादीत मुळी नव्हतेच.

यावरून तीन दुखणी वेगळी ओळखता येतात आणि ज्यांना टिपून घ्यायचे असेल त्यांनी एवढे टिपून घ्यावे. दाराचे नाव योग्य कार्डाखाली आहे, पण डिसकनेक्टेड आहे, तर केबल, कन्व्हर्टर, खाच किंवा पडदा यांकडे पाहावे. नाव आहे, कनेक्टेडही आहे, तरी चित्र नाही, तर तो मांडणीचा प्रश्न आहे. ठिपक्यांची संख्या, वेग, किंवा पडदा बंद ठेवण्याची निवड तपासावी. आणि योग्य कार्डाखाली नावच नाही, तर केबलीला हात लावू नये. त्या कार्डाचा ड्रायव्हर जागा नाही. कार्डाचा क्रमांक मात्र पवित्र मानू नये. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर एकाचे दोन होऊ शकतात. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा ज्या क्रमांकाखाली आहे त्याच्याशी ताडून पाहावे. जुन्या पडद्यांसाठी जे एचडीएमआयचे व्हीजीए करणारे कन्व्हर्टर मिळतात त्यांविषयीही एक शब्द: एचडीएमआयमधून जाते ते आकड्यांच्या भाषेत, व्हीजीएला लागते ते विजेच्या चढउतारांच्या भाषेत, म्हणून मधल्या कन्व्हर्टरमध्ये भाषांतर करणारी खरी इलेक्ट्रॉनिक चकती असावी लागते. नुसत्या तारा जोडलेली केबल फुकट गेली म्हणून समजावे. तसेच यूएसबी-सीची प्रत्येक खाच चित्र वाहून नेते असे नाही. पुष्कळ खाचा केवळ चार्जिंग आणि फाइलींपुरत्या असतात.

आता दुसरे कार्ड. एलएसपीसीआय नावाची आज्ञा यंत्रात काय काय बसविले आहे त्याची यादी देते आणि तिला 'के' हे अक्षर जोडले, की प्रत्येकाचा ड्रायव्हर कोणता तेही सांगते. तिथे दोन्ही कार्डे होती. पहिल्याच्या खाली वापरात असलेल्या ड्रायव्हरचे नाव होते. दुसऱ्याच्या खाली ती ओळच नव्हती. मग तिने यंत्र सुरू झाल्यापासूनची दैनंदिनी काढली. जर्नलसीटीएल या आज्ञेने ती मिळते. हजारो ओळी असतात. पण शोधायचे काय हे माहीत असल्यावर वेळ लागत नाही. ड्रायव्हरच्या नावाजवळच लिहिलेले होते, की याची किल्ली नाकारली आहे.

हे किल्लीप्रकरण असे. आजकालच्या यंत्रांत सिक्युअर बूट नावाचा एक पहारा असतो. कर्नेलमध्ये शिरू पाहणाऱ्या प्रत्येक तुकड्यावर ओळखीची सही आहे की नाही हे तो पाहतो. दुसऱ्या कार्डाचा बाहेरून आलेला ड्रायव्हर यंत्रावरच तयार होतो, म्हणून त्याच्यावर यंत्राची स्वतःची सही केली जाते आणि ती सही खरी मानावी असे मालकाने पहारेकऱ्याला एकदा सांगावे लागते. त्यासाठी ड्रायव्हर बसविल्यानंतर पहिल्यांदा यंत्र सुरू होताना एक निळा पडदा येतो, दहा सेकंद थांबतो, आणि कोणी काही दाबले नाही तर निघून जातो. हा निळा पडदा आला होता. भाचीने लिनक्स बसविले त्या संध्याकाळी आम्ही शेजारी होतो, आणि "हे काही नसते, पुढे जाऊ दे" असे सांगणारे आम्हीच होतो.

परिणाम असा झाला: नवा ड्रायव्हर बसताना जुन्या, उघड्या ड्रायव्हरला, नूव्हो त्याचे नाव, वाटेतून दूर केले गेले होते, आणि नवा दारात अडला. दुसऱ्या कार्डाला कोणीच वाली उरला नाही. पण त्याच्या खाचेत तोपर्यंत कोणी काही जोडलेच नव्हते, म्हणून महिनाभर कळलेही नाही.

उपाय दहा मिनिटांचा. मोकयूटिल या आज्ञेने ती किल्ली पुन्हा सादर केली, एकदाच वापरायचा एक संकेतशब्द ठरवून वहीत लिहिला, यंत्र पुन्हा सुरू केले, निळा पडदा आला. यावेळी आम्ही हात मागे बांधून उभे होतो. भाचीने 'एन्रोल' निवडले, संकेतशब्द दिला. यंत्र उठले आणि तिसरा पडदा उजळला. यादीत दुसऱ्या कार्डाखाली एचडीएमआयचे नवे नाव आले होते. सिक्युअर बूट सरळ बंद करून टाका असाही सल्ला पुष्कळ देतात. त्याने काम होते. पण एक पाहुणा आत येत नाही म्हणून दाराचा पहाराच काढणे आम्हांला बरे वाटत नाही.

इथे गोष्ट संपली असे वाटेल. पण तिसऱ्या पडद्यावर माउसचा बाण किंचित मागे रेंगाळू लागला आणि पंखा घोंघावू लागला. याचे कारण आता आपल्याला सांगता येईल. मुख्य चित्र काटकसरी कार्ड रंगविते; तिसऱ्या पडद्यासाठी ते चित्र दर क्षणी उचलून दुसऱ्या कार्डाकडे न्यावे लागते आणि मग ते बाहेर पडते. शिवाय त्याच्या खाचेत पडदा असेपर्यंत दुसऱ्या कार्डाला झोप नाही, म्हणून उष्णता आणि पंखा. यावर आज्ञा शोधण्यात आणखी एक रात्र घालवायला आम्ही तयार होतो. भाचीने दोन पडद्यांची अदलाबदल केली. पानाचे चित्र स्थिर असते, ते एचडीएमआयवर उभे करून ठेवले. टंकन चालते तो मजकूर यूएसबी-सीवर घेतला. रेंगाळणे तिथेच असेल, पण ते दिसायचे कारण उरले नाही. पंख्याचा आवाज पाडव्याच्या खरेदीच्या गलबल्यात कोणाला ऐकू येणार!

अक्षरांच्या आकाराचा एक बारीक मुद्दा मात्र मुद्रितशोधकांसाठी महत्त्वाचा आहे. लॅपटॉपचा पडदा लहान, बाहेरचे मोठे, ठिपके सगळ्यांचे तेवढेच. म्हणून लॅपटॉपवर अक्षरे बारीक दिसतात. मग माणूस मांडणीत जाऊन सव्वापट मोठेपणा निवडतो. जुन्या एक्सवर हा मोठेपणा सगळ्या पडद्यांना मिळून एकच असे. वेलँडवर प्रत्येकाला वेगळा देता येतो. पण असा सव्वापट, दीडपट मोठेपणा दिला, की काही प्रोग्रॅमांत अक्षरांच्या कडा पुसट होतात. इंग्रजी वाचणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही. आपल्याकडे मात्र अनुस्वाराचा ठिपका आणि कागदावरचा डाग यांतला फरकच जातो. भाची मजकुराच्या पडद्यावर मोठेपणा एकपटच ठेवते आणि अक्षरांचा टाइप मोठा करते. ज्यांना मराठी वाचायचे आहे त्यांनी असेच करावे.

लिनक्स मुळापासून मराठीत शिकायचे असेल, तर मुंबईच्या आयआयटीने चालविलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी निवेदनाचे पाठ आहेत. ते फुकट आहेत आणि संथपणे समजावून सांगतात. आमच्या उत्साही मित्रापेक्षा ते पुष्कळ भरवशाचे आहेत. तो मित्र आज येथे बसलेला आहे, त्याची क्षमा मागतो.

खंड सोमवारी गेला. शनिवार-रविवार भाचीने पुरणपोळीपुरती उठून बाकी वेळ काम केले आणि शेवटची अठरा पाने आम्ही वाचली. तिने ती पुन्हा तपासली. आमच्या पानांत तिला अकरा चुका सापडल्या. संस्थेने दुसरा खंड पाठविला आहे. वही यंत्राशेजारीच असते. परवा लिनक्सचा नवा कर्नेल आला तेव्हा तिने तो घेण्याआधी तारीख घालून लिहून ठेवले, आणि काही बिघडलेच तर सुरुवातीच्या निवडीच्या यादीतून जुना कर्नेल कसा निवडायचा तेही खाली लिहिले. यावेळी काही बिघडले नाही.

अध्यक्षांनी पुढे केलेली एक चिठ्ठी आमच्या हातात आहे. एका गृहस्थांनी विचारले आहे, की लॅपटॉपचे झाकण मिटले की बाहेरचे पडदेही जातात, हे त्याच दुखण्यातले का? नाही. झाकण मिटले की झोपायचे, हा यंत्राला दिलेला हुकूम आहे आणि तो विजेच्या मांडणीत बदलता येतो. फक्त तसे केल्यावर यंत्र पिशवीत घालण्यापूर्वी आठवणीने बंद करावे, नाही तर ते आत तापते. आणखी ज्यांनी आपापली यंत्रे बरोबर आणली आहेत त्यांनी मांडवाच्या डाव्या बाजूच्या टेबलाशी यावे. केबल आणि पडदा तिथे मांडून ठेवला आहे. आमची भाचीही तिथेच बसली आहे. प्रश्न तिला विचारावेत, आम्ही वही धरतो.